नुसतं पाकीट बदलून घेऊ नका

पापनाशम, कुंभकोणम, तंजावर या पट्ट्यातली मराठी घरं आणि मंदिरांच्या यात्रेसाठी महाराष्ट्रातून इथं येणारी मंडळी, सगळ्यांना ही कळकळीची विनंती. दिवाळी तोंडावर आली आहे. रवा-बेसनाची पाकिटं, मिठाईच्या पेट्या, मुरुक्कूच्या पिशव्या घरोघर येऊ लागल्या आहेत. त्यातल्या एखाद्यात तारेचा तुकडा, काच, स्टेपलची पिन, झुरळ किंवा अळी निघाली, तर ते पाकीट कचऱ्यात टाकू नका. आणि दुकानदाराला परत देऊन, दुसरं घेऊन, मुकाट्यानं घरीही येऊ नका. तसं केलंत तर तुमचा प्रश्न मिटतो, पण त्याच फळीवरची बाकीची पाकिटं तिथंच राहतात.

रव्यात तार येते कुठून? गिरणीतल्या चाळणीची जाळी झिजते, तुटते, आणि तिचे तुकडे पिठाबरोबर पुढं जातात. ते अडवायला चुंबक आणि धातू ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. ते बंद असलं किंवा नीट लावलेलं नसलं तर तुकडा थेट पाकिटात जातो. जाळी तुटलेली असेल तर तुकडा एकच असेल आणि तो नेमका तुमच्याच वाट्याला आला असेल, असं धरून चालता येत नाही. त्या पाळीत भरलेलं प्रत्येक पाकीट संशयास्पद असतं. 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदाही हेच म्हणतो. एखाद्या लॉटमधला माल निकषांत बसत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सगळा लॉट तसाच आहे असं गृहीत धरायचं. म्हणून पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला बॅच किंवा लॉट नंबर हा तुमच्या तक्रारीचा प्राण आहे. पाकीट टाकलंत की तो गेला.

पापनाशम हे मुळात धान्याचं गाव. तिरुप्पालैत्तुऱैच्या शिवमंदिराच्या आवारात नायकांच्या काळातलं विटांचं अवाढव्य धान्यकोठार आजही उभं आहे. त्या काळी भात कुणाच्या शेतातला हे खाणाऱ्याला ठाऊक असायचं. आज बेसन एका राज्यात दळलं जातं, दुसऱ्यात भरलं जातं आणि इथल्या वाण्याकडं तिसऱ्याच हातून येतं. त्यामुळं वाणी म्हणतो, ‘बंद पाकीट आलं, बंदच विकलं, माझा काय दोष?’ त्याचं हे म्हणणं अगदीच खोटं नसतं. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात एका बाईला जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीत कुजलेली गोगलगाय सापडल्याचा दावा झाला, तेव्हा वाद कॅफेवाल्याशी नव्हे, बाटली भरणाऱ्याशी झाला. 1932 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की शेवटच्या खाणाऱ्या-पिणाऱ्याप्रती उत्पादकाचीही जबाबदारी असते.

पण म्हणून दुकानदार सुटत नाही. आपल्या कायद्यात त्याच्यावर स्वतंत्र जबाबदारी आहे. मुदत संपलेला माल विकला, घाणीत ठेवला, किंवा माल कुणाकडून घेतला हे त्याला सांगता आलं नाही, तर तो उत्तरदायी ठरतो. तेव्हा गल्ल्यापाशी भांडू नका. तिथं उभा असलेला पोऱ्या बिचारा पगारी नोकर. मालकाला शांतपणे विचारा: हा माल कोणत्या वितरकाचा, त्याचं बिल दाखवा, आणि या लॉटची उरलेली पाकिटं माझ्यासमोर फळीवरून उतरवा. चांगला दुकानदार हे लगेच करतो. त्यालाही वितरकाकडं बोट दाखवायला तुमची लेखी तक्रार हवीच असते.

आता हातात काय हवं ते सांगतो. वस्तू सापडली त्या क्षणी, ती काढण्याआधी, आहे तशी तिचे फोटो घ्या. पाकिटाच्या चारी बाजूंचे घ्या: लॉट नंबर, तारखा, उत्पादकाचा पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. वस्तू धुऊ नका, पुसू नका. उरलेल्या अन्नासकट ती स्वच्छ डबीत बंद करा. नासणारा पदार्थ असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बिल सांभाळा. 1 जानेवारी 2022 पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, तेव्हा कोऱ्या चिठोऱ्यावर भागवू नका. तमिळ येत नसलं तरी अडत नाही, ‘रसीदु’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. कुणाला तोंडात, घशात इजा झाली असेल किंवा घास पोटात गेला असेल, तर आधी डॉक्टर, मग दुकान. आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. सापडलेली वस्तू दुकानदाराच्या किंवा कंपनीच्या माणसाच्या हाती तशीच देऊ नका. ‘लॅबमध्ये पाठवतो’ असं गोड बोलून ती नेली जाते, आणि पुढं तुमच्या हाती काहीच उरत नाही. द्यायचीच वेळ आली तर लेखी पोच घ्या, आणि शक्य असेल तर काही भाग स्वतःकडं ठेवा.

जून 2024 मधलं मुंबईतल्या मालाडचं प्रकरण आठवून बघा. ऑनलाइन मागवलेल्या आइसक्रीमच्या कोनात एका तरुण डॉक्टरला माणसाच्या बोटाचा तुकडा सापडला. त्यांनी आधी कंपनीकडं तक्रार केली. मग तो तुकडा बर्फात ठेवून थेट पोलीस ठाणं गाठलं. तुकडा शाबूत होता म्हणूनच डीएनए तपासणी झाली, आणि धागा इंदापूरच्या कारखान्यातल्या जखमी कामगारापर्यंत पोचला. माल बनवणाऱ्याचा परवाना निलंबित झाला. किळस येऊन त्यांनी तो कोन गटारात फेकला असता, तर ही नुसती एक ऐकीव गोष्ट राहिली असती.

तक्रार नेमकी कुठं करायची? तमिळनाडूच्या अन्न सुरक्षा विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक 9444042322 आहे. फोटो, बिल, दुकानाचा पत्ता तिथं पाठवा. जिल्ह्याचे पदनिर्देशित अधिकारी तंजावरला बसतात, त्यांच्या नावे लेखी अर्जही द्या आणि पोच घ्या. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दुकानातून रीतसर नमुना उचलता येतो, आणि न्यायनिवाड्यात तोच नमुना टिकतो. अन्नात बाहेरची वस्तू निघाल्याचं सिद्ध झालं तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 54 खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं. तीनशे वर्षांहून अधिक काळ इथं नांदूनही घरातली मराठी जपलेल्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. रेल्वेच्या जेवणात काही निघालं तर 139. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावण्याची मुभा दिली आहे. म्हणजे पापनाशममध्ये घेतलेल्या पेटीची तक्रार सोलापूरला परतल्यावरही करता येते.

गिऱ्हाईक स्वतः पैसे भरूनही अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. त्यामुळं तुमच्या पाकिटात तार निघाली असेल, तर त्याच लॉटचं दुसरं पाकीट, हेतू सांगून, साक्षीदारासमोर विकत घ्या. माल दोषी ठरला तर तपासणीची फी परत मिळते. या वाटेनं फारच थोडे जातात.

आणखी एक. आधी व्हिडिओ आणि मग तक्रार, हा सध्याचा उलटा शिरस्ता मला पटत नाही. व्हिडिओनं दोन दिवस हलकल्लोळ होतो, पण लॉट फळीवरून उतरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘इतके द्या, नाहीतर टाकतो’ ही भाषा. ती खंडणीकडं जाते. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत एका बाईनं हॉटेलच्या वाडग्यात बोट सापडल्याचा कांगावा केला. तपासात तो बनाव निघाला, तिला तुरुंगवास झाला, पण तोवर त्या हॉटेलसाखळीचं मोठं नुकसान झालं होतं. अशी एक खोटी तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारींकडं संशयानं बघायला शिकवते. जे दिसलं तेवढंच लिहा. अळी असेल तर अळी लिहा, ‘विष’ लिहू नका.

लेखी तक्रारीनं काय होतं? ऑक्टोबर 2003 मध्ये, अगदी दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरी चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं दखल घेतली. दुकानदार साठवण नीट करत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं, तर वेष्टनच तकलादू आहे, असा प्रशासनाचा आक्षेप. खप कोसळला, आणि काही महिन्यांतच, 2004 च्या सुरुवातीला, कंपनीनं जास्त घट्ट, हवाबंद वेष्टन बाजारात आणलं. गिऱ्हाइकांनी ती चॉकलेटं दुकानात बदलून घेऊन विषय संपवला असता, तर कागद बदलला नसता.

सुट्या मिठाईचं काय, असं कुणी विचारेल. तिथं लॉट नंबर नसतो हे खरं. पण 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढं ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे ती तारीख लावणं सक्तीचं आहे. खरेदीच्या वेळी त्या पाटीचा एक फोटो काढून ठेवा. पाटीच नसेल तर ती पहिली तक्रार.

यंदाच्या दिवाळीत पाकीट उघडताना लॉट नंबराचा भाग फाडू नका. फराळ संपेपर्यंत रिकामी पाकिटं आणि बिलं एका पिशवीत ठेवा. काही निघालंच तर त्याच दिवशी दुकानदाराला लेखी कळवा, 9444042322 वर फोटो पाठवा, 1915 लावा, आणि शेजारच्या घरी त्याच दुकानातलं पाकीट आलं असेल तर ते उघडण्याआधी त्यांना जाऊन सांगा.