कर्ज एकाचे, तगादा दुसऱ्याला!

बोईसरच्या चाळीत काय किंवा पालघरच्या नव्या गृहसंकुलात काय, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. भ्रमणध्वनी वाजतो, पलीकडचा इसम एका अपरिचित नावाने पुकारतो आणि थकलेल्या हप्त्याबद्दल दरडावू लागतो. ‘हा क्रमांक त्यांचा नाही’ असे शांतपणे सांगितले, तरी तासाभरात दुसऱ्या क्रमांकावरून तोच तगादा पुन्हा सुरू. वृद्ध आई धास्तावते. मुलीने फोन उचलला तर भाषा आणखी घसरते. ज्या घराने कुणाचा एक रुपया बुडविला नाही, त्याने आपण ऋणको नसल्याचे पुरावे देत बसायचे, हा कुठला न्याय?

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हा उपद्रव का फोफावावा, हे समजणे अवघड नाही. कंत्राटी कामगार येतो, सिमकार्ड घेतो, हप्त्यावर दुचाकी घेतो आणि ठेका संपताच वापीकडे वा गावाकडे निघून जातो. सिम बंद पडते. किमान ९० दिवस उलटले की दूरसंचार कंपनी तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. बँकेच्या दप्तरी मात्र जुनेच नाव! दुसरा प्रकार याहून संतापजनक. कर्जाच्या अर्जावर ‘संदर्भ’ म्हणून घरमालकाचा वा मुकादमाचा क्रमांक परस्पर लिहिला जातो आणि हप्ता चुकला की त्यालाच वेठीस धरले जाते. वस्तुतः जामीनदार वेगळा आणि संदर्भ वेगळा. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने जामीनदारावर ऋणकोइतकेच दायित्व येते, कारण त्याने तसा करार केलेला असतो. संदर्भाने कशावरही स्वाक्षरी केलेली नसते. त्याच्याकडे पैसे मागण्याचा काडीचाही अधिकार कुणाला नाही. सज्ञान मुलाने परस्पर काढलेल्या कर्जासाठी जामीन न राहिलेल्या पित्याला धमकावणे हेही तितकेच बेकायदा.

आपल्या परंपरेने ऋण फेडणे हे धर्मकर्तव्य मानले, परंतु धनकोलाही मर्यादा घातली. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राचाच. ती मर्यादा झुगारणारे सावकार याच भूमीने पाहिले. विवाहाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणारा वनवासी ‘लग्नगडी’ हा या जिल्ह्याच्या इतिहासावरील डाग आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी निषिद्ध ठरली. पण त्या जुलमी सावकारालाही आपला ऋणको कोण, हे ठाऊक असे. आजच्या वातानुकूलित सावकाराला तेवढेही माहीत करून घ्यायचे नाही.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. वसुलीसाठी गुंड पोसता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना बजावले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली प्रतिनिधींसाठी सविस्तर नियम केले, त्यांच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण ठेवण्यास सांगितले. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे दूरध्वनी वर्ज्य केले आणि ऋणकोचे कुटुंबीय, मित्र व संदर्भ यांच्या खासगी आयुष्यात घुसण्यास मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये तर रद्द झालेल्या क्रमांकांची शासकीय यादी पाहून आपल्या नोंदी स्वच्छ करा, असेही सांगून झाले. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचे साधन बँकेच्या हाती आहे. नाही ती इच्छा! ‘आमचा नव्हे, एजन्सीचा माणूस’ ही सबब तर निव्वळ पळवाट आहे. काम बाहेर दिले म्हणून उत्तरदायित्व बाहेर जात नाही.

अवैध कर्ज ॲपची जात आणखी घातक. रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज ॲप आढळली, त्यांतील सुमारे ६०० बेकायदा. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद पोलिसांनी अशा प्रकरणात चिनी नागरिकाला गजाआड केले; फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने चिनी लागेबांधे असलेली ९४ कर्ज ॲप रोखण्याचे पाऊल उचलले. ऋणकोच्या भ्रमणध्वनीतील सारी नावे उपसायची आणि आप्तेष्टांत त्याची बेअब्रू करायची, ही यांची वसुली. शत्रुराष्ट्राच्या हाती बोईसरमधील कुटुंबांचे क्रमांक जातात, ही केवळ ग्राहकांची तक्रार आहे काय?

असा दूरध्वनी आल्यास वाद घालू नये आणि ‘खात्री करण्यासाठी’ म्हणून जन्मतारीख, आधार वा पॅन सांगू नये. ‘कटकट मिटावी’ म्हणून एक रुपयाही भरू नये. बोलणाऱ्याचे नाव, एजन्सी आणि मूळ बँक विचारून तारीखवेळेसह टिपावी. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावे: क्रमांक माझा आहे, ऋणको मी नाही, ही नोंद काढा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याचा मदत क्रमांक १४४४८. कर्ज देणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, ॲपवाला खंडणी मागत असेल, तर १९३० वर सायबर तक्रार करावी. धमकी असेल तर भारतीय न्यायसंहितेचे ३५१ वे कलम आहे आणि पोलीस ठाणेही आहे.

इंग्रजीतील अर्ज पाहून विक्रमगड-डहाणूचा वनवासी बांधव वा परप्रांतीय कामगार गप्प बसतो, हे वसुलीवाले नेमके ओळखून आहेत. वस्तीतल्या कार्यकर्त्याने त्याच्याशेजारी बसून तो एक पानी अर्ज मराठीत लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा त्याचे दार ठोठवावे.