आधी हंस, मग शिंपला

‘बार्नॅकल’ म्हटले की आज जहाजाच्या बुडाला चिकटून बसणारा, खेकडा-कोळंबीचा कवचवाला भाऊबंद आठवतो. याच नावाचा एक काळापांढरा हंसही आहे. तो अंड्यातून नव्हे, तर वाहत आलेल्या लाकडावरच्या शिंपल्यांतून जन्मतो, अशी युरोपात कित्येक शतके समजूत होती. या भाकडकथेचे खापर भाषाशास्त्रज्ञ मॅक्स म्यूलर यांनी १८६० च्या दशकात भाषेवर फोडले. त्यांच्या मते आयर्लंडच्या ‘हिबेर्निया’ या लॅटिन नावावरून हंसाचे नाव आले, ‘पेर्ना’ या शिंपल्याच्या नावावरून त्या जलचराचे. दोन्ही शब्द झिजून सारखे झाले आणि नाव एक म्हणून प्राणीही एकच ठरले. पुराणकथा हा भाषेला जडलेला विकार, या त्यांच्या लाडक्या सिद्धांताला हे उदाहरण फारच सोयीचे होते.

पुरावा मात्र उलट साक्ष देतो. गेराल्ड ऑफ वेल्स यांनी ११८८ च्या सुमारास आयर्लंडवरच्या लॅटिन ग्रंथात ही कथा सविस्तर सांगितली. हे पक्षी मांसातून जन्मलेले नाहीत म्हणून काही धर्मगुरू ते उपवासालाही खातात, अशी तक्रारही केली. त्यांच्या लेखी ‘बेर्नाका’ म्हणजे फक्त पक्षी. शिंपल्यांचे ते वर्णन करतात, त्यांना निराळे नाव देत नाहीत. इंग्रजीतही हा शब्द आधी हंसाचाच. जलचराला तो लावलेला दिसतो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. दोन शब्दांचा घोटाळा व्हायला आधी दोन शब्द तर हवेत! कोणी म्हणेल, दर्यावर्दींच्या तोंडी तो अर्थ जुना असेल, कागदावर उशिरा उतरला असेल. असेलही. पण जर्मनांकडे पाहा. त्यांच्या भाषेत त्या जलचराचे नाव ‘बदक-शिंपला’ अशा अर्थाचे आहे आणि हंसाच्या नावाशी त्याचा उच्चार जराही जुळत नाही. फ्रेंचांचेही तसेच : हंस ‘बेर्नाश’, जलचर ‘अनातीफ’, म्हणजे बदके धारण करणारा. ध्वनिसाम्य नसतानाही कथा तिथे नांदली आणि तिनेच शिंपल्याचे बारसे केले.

मग कथा आली कुठून? डोळ्यांतून आणि अज्ञानातून. या जलचराच्या एका जातीला मानेसारखा लवचीक देठ असतो, टोकाला पांढुरके कवच आणि त्यातून बाहेर येणारे पिसांसारखे अवयव. हंस हिवाळ्यात आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरतात, घरटी मात्र ग्रीनलंड, स्वालबार्डसारख्या ध्रुवीय प्रदेशात बांधतात. त्यामुळे त्यांची अंडी आयर्लंड-स्कॉटलंडच्या कोणी पाहिलीच नव्हती. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने असे जलचर चिकटलेली लाकडे मागवून तपासली, त्यांत पक्ष्याचा आकार सापडला नाही, आणि घरटी दूर असल्यामुळेच ही कथा रचली गेली असावी असे त्याने लिहून ठेवले. म्यूलरसाहेबांच्या सहाशे वर्षे आधीचे हे उत्तर अधिक पटणारे आहे. ‘बेर्नाका’ची मूळ व्युत्पत्ती आजही अनिश्चित आहे हे खरे, पण तेवढ्याने ‘हिबेर्निया’ सिद्ध होत नाही, आणि कोणता अर्थ आधीचा या प्रश्नाला तर त्याने धक्काही लागत नाही. निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये या देठवाल्या जातीला ‘अनातिफेरा’, म्हणजे बदके धारण करणारी, असे नाव दिले. शास्त्रात तेच आजही चालते.