चुकण्याची मुभा

गेल्या पावसाळ्यात सीझन बंद असताना मी डॉ. जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' वाचत बसलो होतो. आबा वेण्णा लेकवर घोडे फिरवतात. त्यांनी विचारले, "ह्यानं पोट भरतंय का रं?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

कोल्हापूरला जन्मलेले नारळीकर १९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजला संशोधक विद्यार्थी होते. वय २२, संशोधनाला लागून वर्षही झाले नव्हते. मार्टिन राइल यांनी आकाशातले रेडिओ-स्रोत मोजले, त्यात अंधुक, म्हणजे दूरचे, स्रोत फार भरले. दूरचे म्हणजे जुन्या काळचे. तेव्हा विश्व पूर्वी निराळे होते आणि फ्रेड हॉईल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत चूक, असे राइल म्हणत. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांना उत्तर देण्याचे काम हॉईल यांनी या विद्यार्थ्यावर सोपवले.

ते उत्तर समजायला रात्री मुंबई पॉइंटवर उभे राहावे. खाली कोकणात दिवे वाडीवाडीने आहेत. आपल्याजवळ वाडी नसेल, तर जवळचे दिवे थोडे आणि दूरचे जास्त दिसणारच! म्हणून दूरचा मुलूख अधिक दाट ठरत नाही. हॉईल-नारळीकरांनी असेच पुंजक्यांचे काल्पनिक विश्व कॉम्प्युटरवर मांडून मोजून दाखवले. आज यालाच सिम्युलेशन म्हणतात.

पुढे १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांचा सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांनी स्थिर विश्व सोडले. पण दीर्घिकांचे प्रचंड पुंजके मात्र खरेच आढळले. सिद्धांत हरला, तरी काम वाया गेले नाही.

मित्रहो, अशी चुकण्याची मुभा आपल्याला आहे का? नारळीकरांचे वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. आमच्या घरी माझे एक वर्ष वाया गेले, तर बहिणीचे शिक्षण थांबेल. त्याच भीतीने मी अकरावीला विज्ञान घेतले नाही. संशोधकाला २०२३ पासून महिना ३७,००० रुपयांची फेलोशिप आहे. पण ती पदवीनंतर. तिथवर पोचायचे कसे?

म्हणून मला वाटते, शिष्यवृत्ती हे हुशारीचे बक्षीस समजू नये. गरिबाच्या मुलाला एकदा चुकू देण्याची ती सोय आहे, आणि ती अकरावीपासून हवी. प्राध्यापकांनीही चुकलेल्या पण विचार करून लिहिलेल्या उत्तराला गुण द्यावेत.

आबांना आता सांगेन : पोटाची काळजी मिटल्याशिवाय विश्व मोजता येत नाही. तुमचा प्रश्न बरोबरच होता.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला