दुसऱ्या दशांशस्थळाचे मोल

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकात आहे म्हणून प्रयोगवहीत काचेचा अपवर्तनांक १.५ लिहून तुम्ही मोकळे होता. पण फायबरमधून आलेला अवरक्त प्रकाश वाटून देण्यासाठी सिलिकॉनच्या चकतीवर काचेच्या वाटा घडवतात, त्या पाहा. आधी सिलिकाचा जाड थर देतात. तो पातळ राहिला तर प्रकाश खालच्या सिलिकॉनमध्ये झिरपतो. त्यावर जर्मेनियमयुक्त काचेचा थर देऊन काही मायक्रॉन रुंदीची पट्टी कोरतात आणि पुन्हा सिलिकाने झाकतात. आवरणाचा अपवर्तनांक १.४५ धरला, तर पट्टीचा जेमतेम १.४६! एवढ्याशा फरकाने पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश वाटेवर राहतो. दोन्हीकडे १.५ लिहिले की वाटच पुसली. शिक्षकहो, पुस्तकी उत्तरापेक्षा प्रामाणिक मापनाला गुण द्या.