तांब्यावरचे नाव

खरिपाची सुगी उरकली, दिवाळीची साफसफाई निघाली, की गावात दोन आरोळ्या हमखास ऐकू येतात. एक भंगारवाल्याची आणि दुसरी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीची. मग माळ्यावरचा काळवंडलेला हंडा, चेपलेला तांब्या, आजीचे विरलेले लुगडे खाली येते आणि घटकाभरात त्याचा हिशेब होतो. घरातली अडगळ गेली, वर चार पैसे आले, म्हणून आपण हात झटकून मोकळे होतो.

वाचकहो, यंदा हात झटकण्याआधी एवढे करा. तो तांब्या चिंच लावून हलक्या हाताने घासा आणि उजेडात धरून काठाखाली पाहा. बारीक ठिपक्याठिपक्यांनी काही कोरलेले दिसेल. पूर्वी लग्नात भांडे द्यायचे तर त्यावर नाव घालून देण्याची रीत होती. कुणी दिले, कुणाला दिले, कधी कधी लग्नाची तारीखसुद्धा! आत्याने दिलेले, मामाने दिलेले, शेजारच्या घराने दिलेले, सगळे त्यावर नोंदलेले असे.

आता आपल्या घरचे कागद काढून पाहा. जुन्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे सापडतात. पण ज्या पणजीने त्याच रानात जन्मभर खुरपे धरले, तिचे नाव कुठे आहे? पुष्कळ घरांत ते ना सातबाऱ्यावर असते, ना घरपट्टीच्या पावतीवर. असलेच तर अशा एखाद्या तांब्यावर किंवा परातीवर असते. भंगारवाल्याच्या काट्यावर तांब्याचे वजन होते. नावाचे वजन तिथे शून्य.

गोधडीचेही असेच आहे. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी वाकळ. जुन्या सुती लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत आत टाके घालीत जायचे. थर सरकू नयेत म्हणून टाका जवळ हवा आणि ओढ सारखी हवी. एकेका गोधडीला उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी लागत. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड घाम टिपते, म्हणून बाळंतिणीजवळ आणि तान्ह्या मुलाखाली तीच असायची. आजच्या नायलॉनच्या साड्यांना तो गुण नाही. म्हणून जुनी गोधडी फाटली तर दुरुस्त करावी, पण तिच्या जागी नवी तशीच होईल असे समजू नये. तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याचा धनी घरातल्या म्हातारीला ठाऊक असतो. हे काठ सासूबाईंच्या लुगड्याचे, हे धाकट्याच्या बारशाचे, असे ती बोटाने दाखवते. ती गेली, की उरते नुसती चिंध्यांची चादर.

तुम्ही म्हणाल, या घरगुती वस्तूंना कसली आली कला? तर आता पुण्याला चला. माल घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तुम्ही जातच असता. पट्टी हातात पडली, की एक वेळ दोन तास काढा आणि बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. शक्यतो घरातल्या बायकांना आणि पोरांनाही बरोबर न्या. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी जन्मभर वाडे, खेडी, बाजार पालथे घालून या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. त्या सगळ्याच काही राजेमहाराजांच्या नाहीत. अडकित्ते आहेत, दिवे आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, फण्या आहेत, कोरीव दरवाजे आहेत. तिथे आजीला कुणी समजावून सांगायला लागणार नाही. उलट तीच नातवाला सांगू लागेल, की ही वस्तू अशी धरायची.

तेवढीच सवड असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत डोकावा. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो, मग तो तापवून नरम करतात आणि पुन्हा ठोकतात. शेवटी मठारकाम होते. हातोडीचे एकसारखे ठोके ओळीने पडत जातात, त्याने भांड्याला बळकटी येते आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड चमकतो. पूर्वी इथे हंडे आणि पाणी तापवायचे बंब घडत. बंब गेले, गॅसचे गिझर आले. आता तेच हात दिवे, वाडगे, तबके घडवतात.

शहर तर झपाट्याने बदलते आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. जे उरले, त्यांतल्या अनेकांच्या जागी पुढे इमारती उठल्या. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईच्या खालून जमिनीच्या पोटातून मेट्रो धावते. त्यात वाईट काही नाही. स्वारगेटहून मंडईला जायला तुम्हालाही ती सोयीचीच. पण जे पुण्यात झाले ते उद्या तुमच्या गावातही होणार आहे. माळवद जाऊन स्लॅब आला, की माळ्यावरच्या वस्तूंना जागा राहत नाही.

सगळेच सांभाळा, असे आम्ही म्हणत नाही. घर लहान असते, अडचण मोठी असते. पोराची फी भरायला जिने हंडा मोडला, तिने योग्यच केले. मात्र घरातली एक तरी नावाची वस्तू आणि एक तरी गोधडी मोडायची नाही, असे ठरवा. गोधडीला कडक ऊन द्या, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलात तर ओल धरेल. नाव कोरलेली जागा तारेच्या घासणीने घासू नका, अक्षरे झिजतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात रांधायचे असेल तर आधी कल्हई लावून घ्या.

आणि मोडायचीच वेळ आली, तर आधी त्यावरचे नाव वहीत उतरवून घ्या. शाळेतल्या नातीला बसवा आजीजवळ. वस्तू कुणाची, कुठून आली, कुणी केली, हे तिला लिहू द्या. अर्धे पान पुरे होते. आजी सांगायला बसली आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे. दिवाळीची साफसफाई त्यासाठी चार दिवस थांबली तरी चालेल.