क्षमेआधी मॅडी

एलिनॉर एस्टिस यांच्या ‘द हंड्रेड ड्रेसेस’ (१९४४) या छोटेखानी कादंबरीतून मुलांना क्षमा शिकवावी, हे आम्हांस अर्धेच पटते. रोज एकच विटका निळा फ्रॉक घालणाऱ्या वांडाची पेगी टिंगल करते. मॅडी गप्प राहते. वांडाचे कुटुंब गाव सोडते. मग दोघी तिला पत्र लिहितात, पण माफी मागायची राहूनच जाते. नाताळात वांडाचे पत्र येते, तेही बाईंच्या नावे! तिने काढलेली चित्रे दोघींना भेट. क्षमेचा शब्द नाही. छळ सोसलेल्या मुलास सर्वांदेखत ‘विसरून जा, हात मिळव’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी इथे थांबावे. वर्गाला विचारावे ते मॅडीविषयी. तीही गरीबच, अंगावर पेगीचाच जुना फ्रॉक. बोललो तर पुढची पाळी आपली, हे तिला ठाऊक होते.