रियालचा हिशेब आणि जियारतचा दिवस

भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या घरांतून उमराहची तयारी सुरू होते ती इहराम, औषधे आणि फराळाच्या डब्यांपासून. रियालची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. पण वयस्कर अम्मी-अब्बांना पाठवणार असाल, तर दोन गोष्टी घरी बसूनच ठरवून टाका. त्यांच्या हाती पैसे कसे द्यायचे, आणि मोकळ्या दिवसांत त्यांनी कुठे जायचे.

आपल्या आजोबांच्या काळी मुंबईहून निघालेले जहाज जिद्दा बंदराला लागे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हाजींना सौदीत वापरण्यासाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. १९९५ नंतर जहाजे थांबली. आता विमानातून उतरल्याबरोबर रियाल लागतो.

एका रियालचे शंभर हलाला. १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधलेला आहे. म्हणून रियाल महागला असे वाटते, तेव्हा बहुधा आपला रुपया उतरलेला असतो. नागपूरला परवानाधारक दुकानात किंवा बँकेत पासपोर्ट आणि तिकीट घेऊन जा, दोन ठिकाणी दर विचारा, पावती घ्या. रोख रुपये देऊन ५० हजारांपर्यंतचेच परकीय चलन मिळते. त्यापुढची रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. सगळ्या ५०० च्या नोटा घेऊ नका. ५, १० आणि ५० च्या मागून घ्या. निम्मे पैसे अम्मीकडे, निम्मे अब्बांकडे ठेवा. कार्डाने पैसे देताना मशीनवर ‘रुपये की रियाल’ असा प्रश्न आला, तर रियाल निवडा. रुपये निवडले की बहुधा जास्त दर लागतो. परतताना नाणी सहसा कुणी बदलून घेत नाही, ती तिथेच खर्च करा.

आता खरी अडचण. एका रियालला वीसहून जास्त रुपये मोजलेली आपली माणसे तिथे प्रत्येक वस्तूचा मनात गुणाकार करतात. चादर, अत्तर, खजूर घेताना तो जरूर करावा. तीच चादर नागपुरात स्वस्त असू शकते. पण तोच गुणाकार टॅक्सीला, औषधाला, व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या मजुरीला लावला, की अम्मी सुजलेल्या पायांनी चालत राहते. फोनवर मात्र ‘सगळं ठीक आहे’ म्हणते. म्हणून पैसे देतानाच दोन पाकिटे करा. एक भेटवस्तूंचे, एक शरीराचे. दुसऱ्या पाकिटातले उरवून आणायचे नाहीत, हे स्पष्ट सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय ती खर्च करणार नाही.

जियारतचेही तसेच. मदिनेत कुबा, उहुद, किबलतैन आणि खंदकाची जागा अर्ध्या दिवसात बसने होते. वयस्करांना ती झेपते. कुबाला जाताना मुक्कामावरूनच वजू करून निघावे. तिथल्या दोन रकातींचे सवाब उमराहइतके सांगितले आहे. बद्र मदिनेपासून सुमारे दीडशे किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस जातो. मक्केत अराफात, मुजदलिफा, मिना बसमधूनही पाहता येतात. जबल-ए-नूरवर हिरा गुहेपर्यंत मात्र खडी चढण आहे. ती तरण्यांनी उन्हाआधी चढावी. अम्मीने पायथ्यावरून पाहिले तरी चालेल. आजोबांच्या जहाजाच्या गोष्टी ऐकून मोठे झालेल्यांना जिद्द्याचे अल-बलद पाहावेसे वाटेल. प्रवाळाच्या दगडांची आणि लाकडी जाळीदार खिडक्यांची ती जुनी वस्ती २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जादा फेरीचे पैसे देण्याआधी ग्रुपवाल्याला चार प्रश्न विचारा : कोणकोणती ठिकाणे? बस किती वेळ थांबणार? चालावे किती लागेल? हरममधली कोणती नमाज चुकणार? रौजासाठी नुसुक अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. ती वेळ आणि बसची वेळ एकमेकींवर येत नाहीत ना, तेही पाहा. टॅक्सीत बसण्याआधी भाडे रियालमध्ये ठरवा आणि हॉटेलचे कार्ड खिशात ठेवा.

सगळे पाहून झालेच पाहिजे, असा हट्ट नको. निघण्याआधी एका संध्याकाळी अम्मीला आणि अब्बांना वेगवेगळे विचारा : हरमशिवाय एकच जागा पाहता आली, तर कोणती? ती जागा कागदावर लिहून द्या आणि तिच्यासाठीचे रियाल त्याच कागदात गुंडाळून ठेवा. बाकीच्या जागा पायांनी साथ दिली तर.